बनियनवरचा डाग

मामा निवृत्त झाला आणि स्वतःची बनियन स्वतः धुवायला लागला. मामीला त्याचं कोण कौतुक! चौतीस वर्षं शाळेत मुलांना स्वावलंबनाचे धडे दिलेल्या या माणसाने घरात कधी चहाचा कप विसळला नव्हता. आता तो रोज अंघोळीनंतर बनियन साबणाने घासून गॅलरीच्या दोरीवर वाळत घालत होता. डोंबिवली पूर्वेच्या त्यांच्या इमारतीत मामीने ही बातमी मजल्या-मजल्यावर पोचवली. एकदोघींनी आपापल्या नवऱ्यांना मामाचं उदाहरणही दिलं म्हणे.

मग नरक चतुर्दशी आली. तीन वर्षांपूर्वीची. पहाटे पाच वाजता मामा पाटावर बसला होता, मामी वाटीतलं कोमट तेल त्याला लावत होती. पाठ झाली, दंड झाले, हात पुढे छातीवर आला आणि डाव्या बोंडाशी थांबला.

"अहो, हे काय?"

"गळू आहे."

"दुखतंय?"

"नाही."

"न दुखणारं गळू?"

मामा काही बोलला नाही. मामीने उटणं लावलं, पाणी घातलं, कारीट फोडायला दिलं. दुपारी तिने कपाटातल्या सगळ्या बनियन काढून उजेडात धरल्या. चार बनियनांवर, डाव्या बाजूला, एकाच जागी फिकट तपकिरी डाग होते, रुपयाच्या नाण्याहून लहान. साबणाने गेले नव्हते. रक्ताचा डाग गरम पाण्याने धुतला तर पक्का होतो, हे मामाला कुणी कधी सांगायची वेळच आली नव्हती.

भाऊबीजेला आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवलो. आईने भावाला ओवाळलं. मामी त्या दिवशी जरा गप्प होती, एवढंच मला आठवतं. पाडवा-भाऊबीज उरकेपर्यंत तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही.

पुढे कधीतरी मी मामाला विचारलं, की सात महिने तू गप्प का बसलास? घाबरलास म्हणून? तो म्हणाला, "घाबरायला आधी कळायला हवं ना काय आहे ते. मला वाटलं, तिथे काय होणार? तिथे आहे काय?"

तिथे आहे काय, हा प्रश्न साधा नाही. मराठीत पुरुषाला छाती असते आणि बाईला स्तन. पुरुष छाती ठोकून सांगतो, छातीचा कोट करतो, छाती पुढे काढून चालतो. 'तुझी छाती आहे का?' म्हणजे 'तुझ्यात धमक आहे का?' शौर्याची इतकी गर्दी झालेल्या त्या जागेत आजाराला शिरकावच नाही. जुन्या वैद्यकाला हे सोवळं नव्हतं. सुश्रुतसंहितेत छातीवरची मर्मं सांगताना स्तनमूल आणि स्तनरोहित ही नावं येतात, आणि पुरुषाच्या देहालाही ती मोजलेली आहेत. म्हणजे शब्द आपल्याकडे होता, मधल्या काळात आपण तो एकट्या बायकांच्या नावावर करून टाकला.

शरीराचा हिशेब मात्र तोच राहिला. गर्भात पहिले काही आठवडे मुलगा आणि मुलगी एकाच साच्यात वाढत असतात, आणि स्तनांचा पाया त्याच काळात घातला जातो. मुलग्याची गुणसूत्रं नंतर आपलं काम सुरू करतात. त्यामुळे प्रत्येक पुरुषाच्या स्तनाग्रामागे थोड्या दुग्धनलिका आणि थोडी चरबी राहते. दूध तयार करणाऱ्या ग्रंथींची वाढ होत नाही, नलिका असतात. कॅन्सरला तेवढं पुरतं. पुरुषांमधले बहुतेक स्तनाचे कॅन्सर या नलिकांच्या अस्तरातच उगवतात.

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी मामा घराजवळच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी शर्टवरूनच हात लावला, पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या आणि गरम पाण्याने शेकायला सांगितलं. मामा खूश होऊन घरी आला. गळूच निघालं! मामीने गोळ्या संपू दिल्या आणि सहाव्या दिवशी त्याला ओढतच सर्जनकडे नेलं. या सर्जनबाईंनी शर्ट-बनियन काढायला लावली. बसवून पाहिलं, निजवून पाहिलं, हात वर करायला लावून पाहिलं, काखेत बोटं घालून चाचपलं. बोंड किंचित आत ओढलं गेलं होतं, ते मामाला कधी दिसलंच नव्हतं. आरशात दाढीपुरतं पाहायची सवय.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून निम्मी डोंबिवली दवाखान्यात रांग लावील. पुरुषाच्या छातीवरचे बहुतेक फुगवटे कॅन्सरचे नसतात. गायनेकोमास्टिया नावाचा प्रकार फार सर्रास आढळतो. तो नवजात बाळांत दिसतो, वयात येणाऱ्या मुलांत दिसतो आणि साठीनंतर पुन्हा दिसतो. शरीरातल्या दोन संप्रेरकांचा तोल इस्ट्रोजेनच्या बाजूला झुकला की तिथली पेशीजालं वाढतात. स्पायरोनोलॅक्टोन, प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं फिनास्टराइड, काही मानसिक आजारांवरची औषधं यांनी तो होतो. दारूने यकृत खराब झालं की होतो. जिममध्ये दंड फुगवायला स्टेरॉइडची इंजेक्शनं टोचून घेणाऱ्या पोरांना तो होतो, आणि मग टी-शर्ट घालायची चोरी होते. ही वाढ बोंडाच्या बरोबर मागे, चकतीसारखी गोल, रबरासारखी लागते. बहुधा दुखते, पुष्कळदा दोन्ही बाजूंना असते.

कॅन्सरची गाठ बहुधा एकाच बाजूला असते, कठीण लागते, अनेकदा बोंडाच्या मध्यापासून जराशी सरकलेली. आणि दुखत नाही. न दुखणं हाच तिचा कावा. त्यात बोंडातून रक्ताळ पाणी येत असेल, बोंड आत ओढलं गेलं असेल, त्यावरची कातडी खरबरीत झाली असेल किंवा काखेत गोळा लागत असेल, तर शर्टवरून हात लावून भागत नाही.

पुरुषाच्या स्तनात मांस-चरबी कमी, त्यामुळे गाठ लवकर हाताला लागायला हवी. लागतेही. पण त्याच कारणाने ती वरच्या कातडीपर्यंत आणि खालच्या स्नायूपर्यंतही लवकर पोचते. गाठ लहान असली तरी जागा अडचणीची. त्यात सहा-आठ महिने घालवले तर मिळालेला फायदा हातचा जातो.

तपासणीला मामा कल्याणच्या एका केंद्रात गेला. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, कोअर बायोप्सी, सगळं आता ठाणे-कल्याणात होतं, मुंबई गाठावी लागत नाही. बाहेर बसलेल्या सगळ्या बायका. भिंतीवर गुलाबी पोस्टर, त्यावर गुलाबी रिबन. रिसेप्शनवरच्या मुलीने मामाकडे पाहून मामीचं वय विचारलं. फॉर्ममध्ये शेवटच्या मासिक पाळीची तारीख, बाळंतपणं किती आणि मुलांना अंगावर किती महिने पाजलं, असे रकाने होते. मामाने शिक्षकी अक्षरात प्रत्येक रकान्यात 'लागू नाही' लिहिलं. बाळंतपणाच्या रकान्याशी तो थबकला आणि 'दोन (पत्नीची)' असं लिहून आला. कंसाची सवय.

मॅमोग्राफी म्हणजे दोन पाट्यांमध्ये स्तन दाबून धरून घेतलेला एक्स-रे. पुरुषाच्या बाबतीत दाबायला फारसं काही नसतं. तंत्रज्ञ मुलीने जेवढं हाताला लागलं तेवढं ओढून पाट्यांमध्ये धरलं. "बायका हे दर वर्षी करतात?" मामाने बाहेर आल्यावर विचारलं. मामी म्हणाली, "तुमच्या मागे मी दोनदा करून आलेय. तुम्ही विचारलंत का कधी?"

आठवड्याभराने कागद आला. डाव्या स्तनाचा इन्व्हेजिव डक्टल कार्सिनोमा. कागदावर स्तन हा शब्द इंग्रजीत होता. मामाने तो तीनदा वाचला आणि विचारलं, "हा रिपोर्ट माझाच आहे ना?"

जगभरात स्तनाच्या कॅन्सरचे शंभर रुग्ण घेतले तर त्यात पुरुष एखादाच, तोही पुरता नाही. भारतात २०२२ साली बायकांमध्ये या कॅन्सरचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण सापडल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे, त्यावरून पुरुषांचा आकडा कसा असेल ते समजतं. रोग इतका विरळ, की औषधांच्या चाचण्यांमध्ये पुरुषांना वर्षानुवर्षं घेतलंच गेलं नाही. बायकांवर सिद्ध झालेलं तेच पुरुषांना द्यायचं, अशी रीत. ती रीत बदलायला फातिमा कार्दोसो या पोर्तुगीज डॉक्टरांच्या पुढाकाराने नऊ देशांतल्या १,४८३ पुरुष रुग्णांची माहिती एकत्र केली गेली आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ९९ टक्के गाठींवर इस्ट्रोजेनचे ग्राहक सापडले. म्हणजे पुरुषाच्या शरीरातला हा रोग जवळपास नेहमीच 'बायकी' म्हटल्या जाणाऱ्या संप्रेरकावर पोसला जातो. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. निम्म्याहून अधिकांच्या गाठी लहान होत्या, तरी स्तन राखून शस्त्रक्रिया झाली ती जेमतेम चार टक्क्यांची. बाकीच्यांचा पूर्ण काढला. पुरुषाला काय करायचाय, असा विचार तिथेही झालाच असणार.

मामाने टाटा निवडलं. परळचं टाटा मेमोरियल १९४१पासून आहे. त्याच्या आसपासच्या फुटपाथवर बिहार-बंगालहून आलेली कुटुंबं पथाऱ्या टाकून असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर त्यांचं नशीब. कल्याण-डोंबिवलीचा रुग्ण त्या मानाने श्रीमंत. तो किमो घेऊन रात्री आपल्या घरी निजतो. मधे फक्त लोकल असते.

मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यावर कॅन्सरच्या रुग्णांचाही हक्क आहे. मामा-मामी डोंबिवलीहून तो डबा पकडायचे. कुबडी नाही, पांढरी काठी नाही, हातात फक्त जाड फाईल आणि प्लॅस्टिकच्या डबीत बायोप्सीचे मेणाचे ठोकळे, कारण टाटामध्ये ते पुन्हा तपासतात. दिवा स्टेशनच्या पुढे कुणीतरी विचारायचंच, "काका, डबा कुठला आहे बघितलंत का?" मामा फाईल वर करायचा. मग पुढचा प्रश्न.

"कसला?"

"छातीचा."

"सिगारेट ओढायचात?"

पहिल्या वेळी मामा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हो. फार."

मामाने आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाही. शाळेच्या मागे विड्या ओढणाऱ्या पोरांना त्याने छड्या मारल्यात. मामी खिडकीतून बाहेर बघत राहिली. पुढे तर तो रंगवून सांगायला लागला, कॉलेजपासून ओढत होतो, दिवसाला पाकीट. लोक मान हलवत. एकाने जागाही दिली. फुप्फुसाच्या कॅन्सरला पुरुषाच्या अंगावर मान्यता आहे. व्यसनाचा दोष लागला तरी तो पुरुषी दोष. खरं सांगितलं असतं तर समोरच्याची नजर आधी शर्टच्या खिशाकडे गेली असती, आणि ती मामाला नको होती.

शस्त्रक्रियेत डावा स्तन, बोंड आणि काखेतल्या गाठी काढल्या. गाठ २.४ सेंटिमीटरची निघाली आणि काखेतल्या दोन गाठींमध्ये रोग पोचला होता. दहा-बारा दिवस जखमेतून नळी बाहेर काढलेली, खाली पाणी जमवायची बाटली. मामा ती सदऱ्याच्या खिशात घालून गच्चीत फेऱ्या मारायचा. विम्याचे कागद पाठवले तेव्हा कंपनीतून फोन आला, पेशंटचं जेंडर चुकीचं भरलंय, दुरुस्त करून पाठवा. मामी म्हणाली, "पस्तीस वर्षं संसार केलाय, जेंडर बरोबर आहे." तीन वेळा कागद फिरले. ज्यांच्याकडे विमा नाही त्यांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत.

मग किमो. पहिल्या चार वेळा ते लाल औषध, ज्याच्या नुसत्या रंगाने मामाला पुढे रूह अफ्जा बघवेना. केस गेले, मिशी गेली, भुवया गेल्या. गुळगुळीत डोकं आणि साफ ओठ पाहून पलीकडच्या इमारतीतल्या गृहस्थांनी आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?" मामा म्हणाला, "अजून कोणी नाही."

त्यानंतर पंधरा दिवस रेडिएशन. लोक त्याला शेक म्हणतात. छातीवर मार्करच्या रेघा, त्या पुसायच्या नाहीत, तिथे साबण लावायचा नाही. टेबलावर पडून राहायचं, यंत्र फिरतं, दोन मिनिटांत संपतं. जायला-यायला चार तास. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताला सूज चढू शकते, म्हणून डाव्या हाताला सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, जड पिशवी नाही. मामाच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की लोकलची कडी उजव्या हाताने धरायची.

आणि मग गोळी. टॅमॉक्सिफेन, वीस मिलिग्रॅम, रोज एक, पाच वर्षं. हिची गोष्ट मोठी गमतीची आहे. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत आर्थर वॉलपोल यांचा गट संततिनियमनाची गोळी शोधत होता. १९६२मध्ये डोरा रिचर्डसन या रसायनतज्ज्ञ बाईंनी हे रसायन तयार केलं. उंदरांमध्ये गर्भ राहू देईना, बायकांमध्ये मात्र उलट बीज सुटायला मदत करायला लागलं. गोळी फसली. मग मँचेस्टरच्या क्रिस्टी हॉस्पिटलात ती स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहिली, त्याचे निष्कर्ष १९७१मध्ये आले आणि या फसलेल्या गोळीने पुढे लाखो जीव वाचवले. गाठीच्या पेशीवर इस्ट्रोजेनची जी बैठक असते तीच ही गोळी अडवून बसते.

पुरुषात इस्ट्रोजेन कुठून येतं, असं मामाने विचारलं होतं. टेस्टोस्टेरॉनमधूनच. अरोमटेज नावाचं विकर, मुख्यतः चरबीत, त्याचं इस्ट्रोजेन करतं. ढेरी वाढली की हा कारखाना वाढतो. थोडं वृषणातही तयार होतं. म्हणूनच पाळी गेलेल्या बायकांना दिली जाणारी अरोमटेज रोखणारी औषधं पुरुषांना एकटी देऊन भागत नाही, वृषणांचं काम थांबवणारं इंजेक्शन जोडीला द्यावं लागतं. टॅमॉक्सिफेन येण्याआधी पसरलेल्या रोगावर काय करायचे? न्यूयॉर्कच्या फॅरो आणि अडेअर या सर्जननी १९४२मध्ये अशा रुग्णाचे वृषण काढले आणि रोग मागे हटला. पुढची तीसेक वर्षं तोच मोठा उपाय होता. हे मी मामाला सांगितलं. तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "गोळी परवडली."

गोळी स्वस्त आहे. महाग पडतं ते तिच्यासोबत येणारं. अंगातून एकाएकी वाफा निघतात, घामाने उशी भिजते, वजन वाढतं, चिडचिड होते, इच्छा मरते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तो वेगळा. पुष्कळ पुरुष पाच वर्षं पुरी न करताच गोळी सोडतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. इच्छा मेली म्हणून सोडली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मामाने हे मला कधी सांगितलं नाही. मामीने सांगितलं, भांडी पुसता पुसता, अर्ध्या वाक्यात.

वाफांचं मात्र तो मोकळेपणाने सांगतो. पहिल्यांदा जानेवारीच्या रात्री दोन वाजता तो उठून बसला, सदरा काढला, पंखा पाचवर केला. मामी चादर गळ्यापर्यंत ओढून पडली होती. "आग लागलीय अंगाला," तो म्हणाला. मामीने डोळे न उघडता विचारलं, "माझ्या पन्नाशीत मी पंखा लावला की तुम्ही काय म्हणायचात, आठवतंय?" मामाला आठवत होतं. तो 'नाटकं पुरे' म्हणायचा.

टाटाच्या डॉक्टरांनी त्याला जनुकीय तपासणीचा सल्ला दिला. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला, की घराण्यात इतर कुणाला असो-नसो, हा सल्ला देतातच. खारघरच्या टाटा केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. तिथे समुपदेशक बाईंनी मोठा कागद घेऊन वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असेल तर आत काळं भरायचं, गेलेल्यावर तिरकी रेघ. मामाच्या चौकोनाला बाण लावला. शेजारी माझ्या आईचं वर्तुळ आलं. त्याच्या खाली एक लहान वर्तुळ काढलं, ते माझं. इतके दिवस मी मामाच्या आजाराबद्दल लोकांना सांगत होते, त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या पोटात खड्डा पडला.

"तुमच्या वडिलांकडच्या बायकांत कुणाला?" मामाला काही माहीत नव्हतं. माझ्या आईला माहीत होतं. त्यांची एक आत्या चाळिशीत गेली. घरात म्हणायचे, तिला बायकांचं काहीतरी होतं. त्या काहीतरीत काय मावत नाही!

आनुवंशिकतेचा हा धागा आपल्याकडे फार आधी एका मराठी बाईंनी धरला होता. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, पुण्याच्या, जन्म १९१७चा. व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी परळला संशोधन केलं, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्या आणि देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचं नातं सांगणाऱ्या भारतातल्या पहिल्या संशोधकांत त्या होत्या. त्यांच्या पिढीच्या हाताशी उंदीर होते. पॅरिसमध्ये आंत्वान लाकासान्य यांनी १९३२मध्येच नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचून त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर घडवून दाखवला होता. नराला हा रोग होतो हे प्रयोगशाळेला तेव्हापासून पक्कं माहीत आहे. आमच्या घरी कळायला नव्वद वर्षं लागली.

मामाच्या रक्तात बीआरसीए-२ या जनुकातला दोष निघाला. तेराव्या गुणसूत्रावरचं हे जनुक १९९५मध्ये सापडलं. दोष असलेल्या पुरुषाला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर व्हायची शक्यता सहा-सात टक्के, सर्वसाधारण पुरुषाला ती हजारात एक-सव्वा. शिवाय प्रोस्टेट आणि स्वादुपिंडाचा धोका वाढतो. मुलगा असो वा मुलगी, पुढच्या पिढीत हा दोष जायची शक्यता निम्मी. वडिलांकडूनही येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आईकडच्या बायका तेवढ्या मोजल्या जातात.

आईने सत्तरीत रक्त दिलं. तिचा निकाल चांगला आला, म्हणजे माझी फांदी तिथेच सुटली. आईला आनंद व्हायला हवा होता. ती दोन दिवस मामाला फोन करायचं टाळत राहिली. मामाची मुलगी एकतीस वर्षांची, तिच्यात दोष आहे. तिने आपलं वेळापत्रक आखून घेतलंय, दर वर्षी एमआरआय, पुढचे निर्णय पुढे. मामाचा मुलगा पुण्याला आयटीत असतो. त्याने अजून रक्त दिलेलं नाही. म्हणतो, मला काय होणार आहे?

डोंबिवलीत ही गोष्ट सांगितली की कुणीतरी एमआयडीसीचं नाव काढतंच. २०२०च्या फेब्रुवारीत तिथला एक रस्ता रसायनांनी चक्क गुलाबी झाला होता, सगळ्या वाहिन्यांवर दिसला. गुलाबी रिबन, गुलाबी रस्ता, जोडी जमते खरी. अमेरिकेत कॅम्प लेजून या लष्करी तळावर १९५३ ते १९८७ पिण्याच्या पाण्यात घातक द्रावकं मिसळत होती आणि तिथे राहिलेले, स्तनाचा कॅन्सर झालेले पुरुष एकमेकांना शोधत गेले, तेव्हा सरकारला चौकशी करावी लागली. पण एका मामाच्या गाठीवरून कारखान्याकडे बोट दाखवणं मला पटत नाही. मामाच्या बाबतीत उत्तर रक्तात सापडलंय.

अमेरिकन पुरुषांनी एक गोष्ट केली, ती आपल्याकडे व्हायचीय. ते बोलले. माजी सिनेटर एडवर्ड ब्रूक यांनी २००३मध्ये जाहीर सांगितलं. 'शाफ्ट' सिनेमाचा रांगडा नायक रिचर्ड राउंडट्री याला १९९३मध्ये निदान झालं, पुढे तो व्यासपीठांवरून सांगत फिरला. गायिका बियॉन्सेचे वडील मॅथ्यू नोल्स २०१९मध्ये टीव्हीवर आले. त्यांच्यातही बीआरसीए-२चा दोष होता, आणि त्यांनाही आधी शर्टवरचे रक्ताचे ठिपके दिसले होते. हे मी मामाला वाचून दाखवलं. "म्हणजे त्याची बायकोसुद्धा..." असं म्हणून तो थांबला आणि हसला.

सध्या त्याचं बरं चाललंय. दर सहा महिन्यांनी परळ. रात्री नऊला गोळी, आणि कालनिर्णयाच्या त्या तारखेवर बारीक बरोबरची खूण. पाच कालनिर्णयं लागतील, तिसरं भिंतीवर आहे. यंदा अभ्यंगाला मामी तेल लावील तेव्हा डाव्या बाजूला सपाट जागा आहे, तिरका व्रण आहे. तिथे स्पर्श कळत नाही, मामा म्हणतो, पण तेल कोमट आहे का गार, ते कळतं.

लेखाचा खर्डा मी त्याला वाचायला दिला. नाव घालणार नाही असं कबूल केलं होतं, तरी त्याला बघायचंच होतं. चार दिवसांनी कागद परत आले, लाल बॉलपेनने भरलेले. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका. दोन ठिकाणी स्वल्पविराम. सुरुवातीला मी सगळीकडे 'छातीतली गाठ' लिहिलं होतं, तिथे त्याने छाती खोडून वर 'स्तन' लिहिलं होतं, प्रत्येक ठिकाणी, गोलाकार शिक्षकी अक्षरात. फक्त लोकलच्या प्रसंगापाशी समासात वेगळी टीप होती: 'इथे छातीच राहू दे. मी तसंच म्हणालो होतो.'